पाल्याचं पाणी

विहिरीपासून घरापर्यंत तीनशे चौदा पावलं. म्हातारीनं ती कधी मुद्दाम मोजली नव्हती, पण डोक्यावर भरली घागर असली की पाय आपले आपण मोजत जातात. त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला आणि घरटी चार घागरींची पाळी लागली. काठावरच्या दगडावर शिट्टीवाला बसायचा. चौथी घागर भरली की शिट्टी. एखादीनं पाचवं भांडं पुढं केलंच तर तो तोंडानं काही बोलायचा नाही, नुसता असा बघायचा की बाई भांड्यासकट मागं सरायची.

म्हातारी चौथी घागर घेऊन अंगणात आली तेव्हा ऊन नुकतंच छपरावर चढलं होतं. लेक पडवीत बसून पालकाच्या जुड्या बांधत होता. गाव त्याला कावड्या म्हणायचं. नदीच्या डोहातून दोन डबे कावडीला लावून आणायचे आणि भाजीचे वाफे भिजवायचे, हे काम त्यानं वीस वर्षं केलं. उजव्या खांद्यावर चामड्यासारखा घट्टा धरला होता. आता कावड सुनेच्या खांद्यावर होती, आणि कावड्या बसून जुड्या बांधतो हे रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण बघून जायचा. तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही, पण जाताना चाल मंद व्हायची.

"किती झाल्या?" घागर उतरवत म्हातारीनं विचारलं.

"चाळीस. बोटं वळत नाहीत गं आई."

"पाय दाखव."

"पायाचं काय बघायचं रोज रोज? काल होते तेच आहेत. रात्रीत बदलून नाही आणले."

तिनं ऐकलं नाही. खाली बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. मळलेल्या पिठात पडावा तसा खळगा पडला. तो भरून येईपर्यंत तिनं आपले श्वास मोजले. पाच. काल चार होते.

ती घागर उचलून आत गेली. 

हे सगळं सुरू झालं ते हिरव्या रसापासून. गावात एक ट्रकवाला होता, गाडी सोडून घरी बसलेला. त्याला कुठून तरी समजलं की कच्च्या पाल्याचा रस पोटात गेला की साखर पळते, रक्तदाब पळतो, सांधे सुटतात. तो स्वतः प्यायचा आणि सकाळी अंगणात बसून येईल त्याला पाजायचा. लोक त्याला रसवाला म्हणायला लागले. कावड्याला साखर होती. त्याच्या तर घरचाच पालक, घरचाच चुका. त्यानं दीड वर्ष रोज पाटीभर पाला वाटून, फडक्यात पिळून, तांब्याभर रस घेतला. अंग हलकं वाटायचं म्हणे. मग एक दिवस चपलेचा पट्टा पायाला पुरेना.

शहरातल्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं सुनेएवढीच होती. तिनं रस हा शब्द ऐकला आणि पेन खाली ठेवलं.

"पालक वाईट नाही," ती म्हणाली. "तुमच्या बायकोनं खावा, आईनं खावा, सगळ्या गावानं खावा, चांगलाच आहे. पण त्याच्यात एक आंबट क्षार असतो, ऑक्झलेट. धडधाकट मूत्रपिंडं तो बाहेर टाकून देतात. तुमची साखरेनं आधीच थकली होती. त्यात तुम्ही दीड वर्ष तांब्या तांब्या ओतलात. तो आता तिथं रुतून बसलाय."

"म्हणजे आम्ही लोकांना विकतो ते..." कावड्या बोलता बोलता थांबला.

"ते अन्नच आहे. तुम्हाला तेवढं सोसत नाही."

मग तिनं सांगितलं. रस बंद. मीठ चिमूटभर. आणि भाजी कुठलीही असो, चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग पुढं काय ते करायचं. क्षार पाण्यात उतरतो. पालेभाजी खायचीच तर मूठभर, तीही अशीच. रक्तात साचणाऱ्या घाणीचा, क्रिएटिनिनचा, आकडा तीन पूर्णांक चार होता. पाचाच्या पुढं गेला तर यंत्राची तयारी. आठवड्यातून दोनदा शहर, चार चार तास पलंगाला खिळून, रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत घालायचं.

"किती दिवस?" सुनेनं विचारलं होतं.

"ते एकदा सुरू झालं की दिवस मोजत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली.

म्हातारीची चौथी घागर उतरली तोवर सून डोहावरून आली. कावड भिंतीला टेकवली, पदराची घडी करून खांद्यावर ठेवली होती ती काढली. घडीला रक्त लागलं होतं. तिनं ती बाजू आत दुमडली आणि थेट चुलीपाशी गेली. घरातल्या सगळ्यांची भाजी एकाच मोठ्या पातेल्यात व्हायची; शहरात भाजी नेणाऱ्या टेम्पोनं न नेलेला, उन्हानं माना टाकलेला पाला त्यात जायचा. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"अर्धी घागर ओतते आत्याबाई."

"ओत बाई. डॉक्टरीण म्हणाली ना."

पाणी खळखळलं, पाला बसला, पाण्याला रंग चढला. सुनेनं पातेल्यावर ताट धरून सगळं पाणी दुसऱ्या भांड्यात निथळलं. घामानं तिचा चेहरा चमकत होता.

"पाणी टाका हं आत्याबाई. मला जुड्या टेम्पोला द्यायच्यात."

"टाकते."

म्हातारी भांडं घेऊन घरामागं गेली. तिथं तिच्या पेजेची चूल होती, तीन दगडांची. भांड्यातून वाफ येत होती, तिला शिजल्या पाल्याचा वास होता. म्हातारीनं तो नाकात भरून घेतला.

अर्धी घागर. दीडशे पावलांचं पाणी. ती स्वतः पंधरा दिवसांत अंघोळीला बसली नव्हती, ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. डॉक्टरणीच्या हाताशी तोटी होती. हात धुताना ती तोटी चालू ठेवून बोलत होती, म्हातारीनं डोळ्यांनी बघितलं होतं. तशी बाई फेका म्हणणार नाही तर काय? आणि काय फेकायचं? पाल्याचा सगळा जीवच त्या पाण्यात उतरला होता. पातेल्यात राहिला तो चोथा. लेकाला चोथा खायला घालायचा आणि कस मातीला पाजायचा, हे तिच्या हातानं झालं नसतं.

पहिल्या दिवशी तिनं भांडं तिरकं केलंही होतं. थोडं पाणी सांडलं, जमिनीनं चर्रकन ओढून घेतलं. तो आवाज ऐकून तिचा हात थांबला, तो थांबलाच.

त्या दिवशीही तिनं पाणी निवळू दिलं, पेजेच्या पातेल्यात ओतलं आणि तांबड्या कण्या वैरल्या. कण्यांच्या रंगात हिरवा रंग कुठल्या कुठं गेला. तासाभरानं तिनं वाडगा लेकापुढं ठेवला. त्यानं फुंकर मारली, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"आई, घरात एवढ्या एकाच वस्तूला चव आहे बघ."

"अळणीच आहे रे."

"असू दे. जिभेला कळतं तरी काहीतरी पडलं म्हणून. हिच्या हातचं जेवण म्हणजे कापूस चावल्यासारखं."

"ऐकू येतंय मला," बाहेरून सून म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोललो."

सून हसली. त्या घरात त्या आठवड्यात ते एकदाच कुणी हसलं.

पंधरा दिवसांनी रक्त दिलं. चार पूर्णांक एक.

दुसऱ्या दिवशी सून एकटीच शहरात जाऊन कागद घेऊन टेम्पोतून उतरली. आत आली आणि कागद नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"कुठं पिता?"

"काय?"

"रस. कुठं पिता ते सांगा. मी ओरडणार नाही."

"अगं, डॉक्टरणीनं सांगितल्यापासून थेंब नाही घेतला."

"मग हा आकडा कुणाचा? माझा?"

"मला काय माहीत? आतलं मला दिसतं का?"

"मी मीठ मोजून घालते. पाणी मोजून देते. भाजी उकळून उकळून तिची चिंधी करते. सकाळी डोहावर जाते तेव्हा तासभर तुम्ही मोकळे असता. त्याचं अंगण किती लांब आहे? हाकेच्या अंतरावर."

कावड्यानं कागद उचलला आणि बाजूला ठेवला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "शपथ घेऊ?"

"नको. शपथेनं आकडा उतरत नाही."

म्हातारी दारात उभी होती. हातात पेजेचा वाडगा. ती वाडग्यासकट पुढं आली.

"बाई गं, तू त्याला उपाशी मारतेस आणि वर चोर म्हणतेस? ना मीठ, ना तिखट, ना कस. माणूस कशावर उभा राहील? अंगात काही गेलं तर रोग हटेल ना?"

सून वळली. क्षणभर वाटलं, ही आता काहीतरी बोलणार आणि ते आयुष्यभर पुसलं जाणार नाही. पण तिनं नुसता खांदा चोळला आणि बाहेर पडली. म्हातारीनं पाहिलं तर ती तरातरा रसवाल्याच्या घराकडं निघाली होती.

तिथं काय झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. रसवाला पाट्यावर पाला वाटत होता. सुनेनं विचारलं, माझ्या नवऱ्याला रोज पाजतोस का? तो म्हणाला, ताई, तो आजारी पडल्यापासून मी त्याला अंगणात पाऊल ठेवू देत नाही. ती म्हणाली, खोटं बोलतोस. आणि पाट्यावरचा सगळा पाला, भरलेला तांब्या, फडकं, एकदम मातीत उलटं केलं. रसवाला साठीचा माणूस. तो गुडघ्यावर बसून फडकं गोळा करायला लागला.  बघणाऱ्या बायकांनाच कसंतरी झालं.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. सून डोहावर जाताना कावड्याला बरोबर न्यायला लागली. ती डबे भरायची, वाफ्यापर्यंत न्यायची, तो काठावर सावलीला बसायचा. येणारे जाणारे बघायचे. एकानं विचारलंच, "काय कावड्या, पहारा बसला का?" तो म्हणाला, "राजे लोकांना असतोच." पण मान खाली घालून म्हणाला.

मिठाची बरणी सुनेनं कुलपात ठेवली. तिसऱ्या दिवसापासून तो जेवताना तिच्याकडं बघेना. सहाव्या दिवशी त्याच्या अंगाला खाज सुटली. खाजवून खाजवून दंड सोलले. तोंडाला घाण वास यायला लागला. जुड्या चाळीसवरून पंधरावर आल्या, मग त्या बांधायलाही म्हातारीच बसायला लागली. घास समोर आला की त्याला उमळून यायचं. एकच गोष्ट पोटात राहायची, आईची पेज.

म्हातारी एक वाडगा द्यायची, ते दोन द्यायला लागली. सून पाणी निथळायची, म्हणायची, "टाका आत्याबाई." म्हातारी म्हणायची, "टाकते." आता त्या शब्दाला तिची जीभ अडखळत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं, की घरात सगळं त्याच्या विरुद्ध चाललंय आणि आपल्या तीन दगडांच्या चुलीवर तेवढं त्याच्या बाजूचं काही शिजतंय. पेजेच्या पातेल्याला तळाशी पांढुरका, खरखरीत थर धरायचा. रोज काथ्या आणि राख घेऊन घासावा लागायचा. तिला वाटायचं, पाणी जड आहे यंदा. तळाचं पाणी आहे.

तिसऱ्या वेळी रक्त द्यायला कावड्याला टेम्पोत चढवताना दोघीजणी लागल्या. एकीनं काखेत धरलं, एकीनं खालून पाय उचलला. म्हणून म्हातारीही गेली. पालकाच्या पेट्यांमध्ये तिघं बसली. वाटेत त्याला दोनदा ओकारी आली. सुनेनं आपल्या ओंजळीत धरली आणि हात पानांना पुसले.

दवाखान्यात सकाळी रक्त दिलं, लघवी दिली, आणि कागद हातात पडायला दुपार झाली. डॉक्टरणीच्या खोलीत तीनच खुर्च्या. म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली. पंखा फिरत होता आणि तिच्या कपाळावरचा घाम वाळत नव्हता.

डॉक्टरणीनं कागद दोनदा वाचला.

"चार पूर्णांक नऊ."

सुनेनं कागदाकडं मान लांबवली.

"दुसराही एक क्षार वाढलाय, पोटॅशियम. तो आणखी वाढला तर काळजावर येतो. त्यासाठी पूड देते, ती आजच, इथंच घ्यायची." ती कावड्याकडं वळली. "मला आता वाट बघता येणार नाही. पुढच्या आठवड्यात हातावर एक छोटी शस्त्रक्रिया करू. शीर जोडून ठेवावी लागते. मग यंत्र सुरू करता येईल."

"कुठल्या हातावर?" कावड्यानं विचारलं.

"डाव्या."

"मग उजव्या खांद्यावर कावड घेता येईल?"

 सुनेनं डोळ्यांना पदर लावला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मला एक समजत नाही," डॉक्टरीण कागदावर बोट ठेवून म्हणाली. "साखर आटोक्यात आहे. गोळ्या चालू आहेत. रस बंद आहे म्हणता. तरी लघवीत काचेसारखे कण दिसतात, पहिल्यापेक्षा जास्त. एवढे दिसायला नकोत. कुठून तरी येतंय. आणि रोज येतंय."

"मी चोवीस तास बरोबर असते हो," सून म्हणाली. तिचा आवाज चिरला होता. "झोपेत उठून बघते. भाजी मीच उकळते, मीच निथळते. आता आणखी काय करू ते सांगा."

"मी तुम्हाला दोष देत नाही. कधी कधी मूत्रपिंडं आपली आपण जातात. पण हे कण..." ती शब्द शोधत थांबली. मग तिला म्हातारी दिसली. "आजी, घरात पाणी उकळता ना? भांड्याला तळाशी पांढरा थर धरतो, खरखरीत, राखेनं घासला तरी पटकन निघत नाही. बघितलाय?"

"बघितलाय," म्हातारी म्हणाली.

"तसं काहीतरी ह्यांच्या आत धरतंय."

म्हातारीच्या हातांना तो थर माहीत होता. बोटांच्या टोकांना माहीत होता. काथ्याखाली कसा करकरतो, दातांत वाळू आल्यासारखा. एका जागी सुटला की शेजारी कसा चिवट राहतो. तो साध्या पाण्याच्या घागरींना नव्हता. तिनं तो एकाच पातेल्यात बघितला होता.

ती भिंतीपासून सरकली.  गप्प राहता आलं असतं. कुणी विचारलं नव्हतं. उद्यापासून पाणी खरंच टाकलं असतं तरी कुणाला काही समजलं नसतं, आणि तोपर्यंत त्यांनी त्याचा डावा हात कापला असता.

"टाकलं नाही," ती म्हणाली.

"काय आजी?"

"पाणी. पाल्याचं. मी टाकलं नाही."

पंखा फिरत राहिला. सुनेनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला.

"रोज पेज त्यातच केली. पहिल्या दिवसापासून. एक वाडगा. मागचे पंधरा दिवस दोन वाडगे." तिनं डॉक्टरणीकडं बघितलं, दुसरीकडं कुठं बघायची तिची छाती नव्हती. "सगळ्या घराच्या पाल्याचं पाणी. त्याला एकट्याला."

"आजी, मी सांगितलं होतं ना फेकून द्या म्हणून?"

"सांगितलं होतं. कानानं ऐकलं होतं मी."

"मग?"

म्हातारीला उत्तर माहीत होतं. घागर, पावलं, शिट्टी, जमिनीचा आवाज. पण ते सगळं त्या खोलीत तोंडातून बाहेर काढलं असतं तर काय दिसलं असतं? तिनं नुसते हात पुढं केले, तळवे वर करून, आणि परत खाली घेतले.

डॉक्टरणीनं पेन उचललं. बराच वेळ लिहीत बसली. मग म्हणाली, "पूड घ्या, आज रात्री इथंच राहा, उद्या परत रक्त बघू. हाताचं पंधरा दिवस पुढं ढकलते. पण ऐका. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं टिकलं तरी खूप. मी शब्द देत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या पेट्यांच्या टेम्पोत बसून तिघं परत निघाली. सून एका कोपऱ्यात, म्हातारी दुसऱ्या, मधे कावड्या. अर्धी वाट सरली.

"तरीच," कावड्या एकदम म्हणाला.

दोघींनी बघितलं.

"तरीच म्हटलं पेजेला एवढी चव कशी."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. दोघींपैकी कुणीच हसलं नाही. म्हातारीला वाटलं, ह्यानं हसण्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

सून त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं भाजी उकळून निथळली, भांडं स्वतः उचललं आणि पुढच्या अंगणात, रस्त्यासमोर, सगळ्यांना दिसेल असं ओतलं. नंतर घरामागं गेली, तीन दगड पायानं बाजूला केले आणि पेजेचं पातेलं उचलून आणून माळ्यावर पालथं ठेवलं. चुलीसमोरचा पाट तिनं आपल्या बाजूला ओढून घेतला. म्हातारीनं त्या पाटावर चाळीस वर्षं काढली होती.

म्हातारी पाणी आणायची, जुड्या बांधायची, पुढं येईल ते खायची. चुलीजवळ जायची नाही. एकदा कावड्याला ठसका लागला तेव्हा तिनं सवयीनं तांब्या उचलला. सून म्हणाली, "राहू द्या, मी देते." आवाज चढलेला नव्हता. म्हातारीनं तांब्या होता तिथं ठेवला आणि बाहेर आली.

पाचव्या दिवशी ती रसवाल्याच्या अंगणात गेली. तो बाजेवर बसला होता. पाटा भिंतीला उभा करून ठेवलेला, कोरडा.

"माझ्या सुनेनं तुझा तांब्या उलटा केला," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "चूक तिची नव्हती. तुझीही नव्हती. पाजत मी होते."

रसवाला बाजेच्या कडेला सरकला. "बस म्हातारे."

"बसत नाही."

"पहिला तांब्या मीच पाजला होता त्याला," तो म्हणाला. "दीड वर्ष रोज विचारायचो, काय कावड्या, घेतलास का? तो घेतला म्हणायचा आणि मला बरं वाटायचं." त्यानं पाट्याकडं हात केला. "मला अजून सोसतो रस. पण पाला वाटायला घेतला की हात चालत नाही."

 म्हातारी परत आली.

पायावरचा खळगा ती आता लांबूनच बघायची. कावड्या स्वतः अंगठा दाबायचा आणि तिला ऐकू जाईल असं मोजायचा. "एक, दोन, तीन, चार." एखाद्या दिवशी चार, एखाद्या दिवशी परत पाच. खाज कमी झाली. एका सकाळी त्यानं पंचवीस जुड्या बांधल्या आणि दमून तिथंच आडवा झाला.

पंधरा दिवस संपले. नवरा-बायको शहरात गेली. म्हातारीला कुणी चल म्हटलं नाही आणि तीही म्हणाली नाही. ऊन कलेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. टेम्पो आला. कावड्या पेटीवर हात टेकून स्वतः उतरला. दोन्ही हात उघडे होते, कुठं पट्टी नव्हती.

"चार पूर्णांक सहा," तो म्हणाला.

"उतरला?"

"उतरला म्हणायचं नाही म्हणे. थांबलाय म्हणायचं. महिन्यानं परत बोलावलंय."

म्हातारीनं मान हलवली. तिला रडायचं होतं, पण सून समोरून येत होती आणि तिच्यासमोर रडायचा हक्क आपल्याला आहे असं म्हातारीला वाटत नव्हतं. सून काही न बोलता शेजारून आत गेली.

दुसऱ्या सकाळी सून डोहावरून एक खेप करून आली. दुसरी खेप बाकी होती. तिनं पाला चिरला, अर्धी घागर ओतली, उकळला, ताट धरून निथळला. म्हातारी पडवीत जुड्या बांधत होती. तिच्यासमोर भांडं आलं. तिनं वर बघितलं.

"आत्याबाई, पाणी टाका."

म्हातारीच्या हातातली जुडी सुटली. तिनं हात पदराला पुसले आणि भांडं घेतलं. कड गरम होती.

पुढचं अंगण जवळ होतं. पण तिचे पाय घरामागं वळले, जिथं तीन दगड बाजूला पडले होते. तिथं ती उभी राहिली. पाणी हिरवं, निवळत आलेलं, तोच वास. मागं वळून बघितलं. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. कुणी आलं नाही.

तिनं भांडं तिरकं केलं. जमिनीनं चर्रकन ओढून घेतलं. तिचा हात थांबला नाही. अर्धी घागर, दीडशे पावलं, सगळं ती शेवटच्या थेंबापर्यंत ओतत गेली, मग भांडं पालथं करून त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या.

पालथं भांडं तसंच दोन्ही हातांत पुढं धरून, सगळ्यांना दिसेल असं, ती अंगणात आली. पडवीत कावड्या जुडीला गाठ मारत होता. सून नव्हती. कावड खांद्यावर घेऊन ती वळणापर्यंत पोहोचली होती, आणि तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं.